आत्याचे तीन गुंठे

हे मी लिहावं का, असा प्रश्न मला पहिल्याच ओळीला पडला आहे. जमीन माझी नव्हती, निर्णय माझा नव्हता, आणि ज्या कायद्यामुळे हे सगळं घडलं तो मी आजही पुरता वाचलेला नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांपैकी आत्याला वाचता येत नाही आणि माझे वडील, म्हणजे आप्पा, बसच्या पाट्यांपलीकडे फारसं वाचत नाहीत. म्हणजे माझं काही चुकलं तर मला तिथल्या तिथे अडवणारं घरात कोणी नाही. म्हणून घरच्यांनी आणि जाणकारांनी आधीच सांभाळून घ्यावं. जेवढं पाहिलं आणि ऐकलं, तेवढंच सांगायचा प्रयत्न करतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नाशिकच्या इंदिरानगरातल्या शेवटच्या बिल्डिंगी जिथे संपत, तिथून थोडं पुढे चाललं की आमचं वावर, म्हणजे शेत, लागे. त्या बिल्डिंगी दर दिवाळीला थोड्या पुढे सरकत. आम्ही मेथी, कोथिंबीर, शेपू लावायचो आणि कडेच्या पट्ट्यात झेंडू, शेवंती. सगळ्यात जवळच्या बिल्डिंगमधल्या एक काकू तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडत. आई तिच्यात कोथिंबिरीची जुडी टाके. कधी कधी पिशवीतून लाडूही खाली येत. गाव आणि शहर यांची सीमा कुठे, असं कोणी विचारलं असतं तर मी त्या दोरीकडे बोट दाखवलं असतं.

महापालिकेच्या नकाशात मात्र सीमा रंगांनी दाखवलेली होती. रस्त्यापलीकडे पिवळा रंग, म्हणजे तिथे घरं बांधायला परवानगी. आमच्या बाजूला हिरवा, म्हणजे शेतीच करायची. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मी घरी सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "मग बरोबर हे की. वावर हिरवंच असतंय. त्यांना ते नकाशा काढून कळलं का?"

वावर आजोबांचं. आजोबा मी लहान असतानाच गेले. त्यानंतर आप्पा आणि धाकटे चुलते, ज्यांना मी नाना म्हणतो, यांनी तोंडी वाटणी केली. रस्त्याची बाजू नानांची, विहिरीची बाजू आमची, आणि विहिरीचं पाणी एक दिवसाआड पाळीनं. कागदावर काहीच केलं नाही. भाऊ-भाऊ आहेत, कागद कशाला, असा विचार असणार. किंवा विचारच नसेल. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच राहिलं.

नाना ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला. शिफ्ट करून आले की पाणी भरायला वावरात. मी बारावी झालो तेव्हा "आता बास, वावरात हात लागतील" असं घरात चाललं होतं. नानाच आप्पांना म्हणाले, "भाऊ, याला कॉलेजात घाल. एक तरी बिनचिखलाचा माणूस होऊ दे घरात." म्हणून मी बी.ए.ला गेलो. घराण्यातला पहिलाच. त्याचा परिणाम असा झाला की आळीतला छापलेला प्रत्येक कागद माझ्याकडे येऊ लागला. लाइटचं बिल, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, लग्नपत्रिकेतलं इंग्रजी. मला अर्धं कळायचं नाही. पण लोकांच्या डोळ्यांत इतका विश्वास असे की नाही म्हणायची लाज वाटे.

आत्या ही आप्पांची आणि नानांची थोरली बहीण. दोघंही तिला आक्का म्हणत. सिन्नरकडच्या गावात दिलेली. मूलबाळ झालं नाही. नवरा वारल्यावर दिरांनी थोडे दिवस नीट सांभाळलं, मग ते सांभाळणं हळूहळू आटत गेलं. मी आठवीत असताना ती एक दिवस पत्र्याची पेटी आणि दगडी पाटा घेऊन एसटीतून उतरली. पाटा कंडक्टरनं आणि आणखी एकानं मिळून खाली उतरवला.

आप्पा म्हणाले, "आक्का, आपल्याकडं पाटा नाय का?"

"हे ना. पण हा माझा हे," आत्या म्हणाली.

आमच्या घरात राहायला ती तयार झाली नाही. तिचं म्हणणं, एका चुलीवर भावजय आणि विधवा नणंद, लय दिवस गोड राहत नाही. त्यापेक्षा वावरातच विहिरीजवळ एक खोली बांधून द्या. आप्पांनी लगेच होकार दिला. नानांनीही दिला. मग जागा ठरवायची वेळ आली. आमच्या घरात नवा बांध टाकायचा तर दोरी लावून मोजत नाहीत. ज्याच्याकडे जमीन जायची, त्याच्या हातानं कडेकडेनं बी टोकून घेतात. रोप वर आलं की बांध ठरला, मग त्यावरून कोणी बोलायचं नाही.

आत्यानं झेंडूचं बी घेतलं. बियांची पिशवी धरून नाना तिच्या मागे चालत होते. ती आठ-दहा पावलं गेली आणि वळली.

"एवढं बास," ती म्हणाली.

आप्पा म्हणाले, "अगं, खोली बसंल, पण तू बाहेर निघशील कुठनं? चाल अजून."

ती थोडी पुढे गेली. "आता बास."

नाना मागून म्हणाले, "आक्का, लाजू नको. आम्ही काय दर साली जमीन वाटत नाय."

असं करत करत ती रांग पुरी झाली. नंतर नानांनी पावलांनी मोजलं तर अंदाजे तीन गुंठे भरले. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे तीन गुंठे हा तसा रुमालाएवढाच तुकडा. तिथं विटांच्या भिंती आणि वर पत्रे, अशी खोली उभी राहिली. आत्या पहाटे फुलं तोडायची, दुपारपर्यंत हार ओवायची आणि संध्याकाळी इंदिरानगरातल्या देवळासमोर टोपली घेऊन बसायची. तीन गुंठे आत्याचे, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे ते कुठे लिहिलेलं नाही, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना जमिनीचा एक एजंट आला. पांढरा शर्ट, छोटी मोपेड, आणि प्रत्येकाला नातं जोडायची सवय. नानांच्या बाजूला त्यानं फक्कीनं रेघा मारल्या. दोन-दोन गुंठ्यांचे चौकोन, मध्ये रस्ता. मेथीच्या वाफ्यावर पांढरी रेघ पाहून आईला कसंतरी झालं. ती म्हणाली, "रांगोळी सोडून असल्या रेघा मी फकस्त खेळाच्या मैदानावर पाहिल्या हायेत."

नानांना विकायचं होतं. त्यात मला तेव्हाही काही वाईट वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही. शिफ्ट आणि शेती दोन्ही करून ते दमले होते. नानांच्या बायकोला, म्हणजे माझ्या काकूला, नळाचं पाणी आणि फरशी असलेलं घर हवं होतं. रोज समोर दिसणाऱ्या बिल्डिंगीत आपण का नसावं, असं तिला वाटत असेल तर त्यात तिचं काय चुकलं?

पण घेणारे सातबारा बघायला मागत, आणि सातबाऱ्यावर आजोबा होते. म्हणून आधी वारसांची नावं लावणं आलं. तलाठ्याकडे अर्ज करायचा, आणि त्याआधी बहिणीची हक्कसोड घ्यायची. हक्कसोड म्हणजे बहिणीनं लिहून द्यायचं की बापाच्या जमिनीतला माझा हक्क मी भावांसाठी सोडला. आमच्याकडे बहिणी ती सर्रास करून देतात. त्या दिवशी बहिणीला साडी नेसवतात, गोडाधोडाचं जेवण असतं, आणि ती अंगठा देऊन सासरी जाते.

एजंट कागद घेऊन आत्याच्या खोलीशी आला. "मावशी, एवढा अंगठा पाहिजे."

"मी तुझी मावशी कुठनं झाले रे? तुझी आई कोणत्या गावची?"

त्यानं गाव सांगितलं.

"तिकडं आमचं कोणी नाय," आत्या म्हणाली. "कागद ठेव. माझे भाऊ सांगतील तेव्हा देईन."

तिची हरकत नव्हतीच. भावांच्या जमिनीत नाव लावून मी काय करू, असंच ती म्हणे. आप्पांचंही ठरलेलं होतं. आक्का हक्कसोड करील, मग नावं आमची दोघांची लागतील, आणि त्याच आठवड्यात मी तिचे तीन गुंठे तिच्या नावावर करून टाकीन. आप्पा हे मनापासून म्हणत होते. शब्द देऊन फिरणारा हा माणूस नाही. शनिवारी अंगठा द्यायचं ठरलं. शुक्रवारी आप्पा मला म्हणाले, "तू जाऊन विचारून ये. तीन गुंठे वेगळे करायला फारम कोणता लागतो तेवढं."

मी कॉलेज बुडवून सायकलनं गेलो. आधी भलत्याच ऑफिसात उभा राहिलो. तिथून दुसरीकडे पाठवलं. शेवटी एका खिडकीशी पोचलो. आत चष्मा लावलेले एक कारकून होते.

"आत्याच्या नावावर तीन गुंठे करायचेत. फॉर्म कोणता लागतो?" मी विचारलं.

"शेतजमीन?"

"हो."

"तीन गुंठ्यांचा सातबारा निघत नाही."

"मग किती दिवसांनी निघेल?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दिवसांचा प्रश्न नाही. निघतच नाही. शेतजमिनीचे इतके बारके तुकडे पाडायला बंदी आहे. कायदा आहे तसा."

"विकायला बंदी असेल. हे भाऊ बहिणीला खुशीनं देतोय."

"खुशीनं देऊ दे, नाहीतर रडून देऊ दे. तुकडा पडत नाही. वाटणीत नाही, बक्षिसात नाही, विक्रीत नाही. आणि गाव कोणतं म्हणालास? तो हिरवा पट्टा. तिथं दोन-तीन गुंठ्यांत घराला परवानगीपण नाही."

मी "बरं" म्हणालो. ही माझी सवय. समजलं नाही तरी मी मान हलवतो. जिना उतरून सायकलपाशी आलो, कुलूप उघडलं, आणि तिथेच उभा राहिलो. उद्या आत्या अंगठा देणार. त्या अंगठ्यामागे तिचा सगळा भरवसा या तीन गुंठ्यांवर होता. आणि ते तीन गुंठे तर होतच नाहीत. मग उद्या नक्की काय होणार, हे मी विचारलंच नव्हतं. परत वर जायचं म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा त्रास द्यायचा. हे वाचणाऱ्याला फार क्षुल्लक वाटेल. पण मोठ्या ऑफिसात तोच प्रश्न घेऊन दुसऱ्यांदा जाणं मला त्या वयात फार जड वाटत होतं. तरी गेलो.

कारकून डबा उघडून बसले होते.

"आता काय?"

"आत्या उद्या हक्कसोड करणार आहे."

"का?"

"तशी पद्धत आहे."

त्यांनी पोळीचा तुकडा तसाच धरला. "म्हणजे अजून केलेली नाही? जमीन तिच्या बापाची ना?"

"हो. आजोबांची."

"मग आजच्या घडीला दोन भावांइतकीच तिची आहे ती. तीन गुंठ्यांत नाही, अख्ख्या वावरात आहे. उद्या अंगठा दिला की अख्ख्यातलं गेलं. आणि तुकडा तर मिळायचाच नाही. राहिलं काय मग?"

"तिची खोली आहे."

"ती कोणाच्या जमिनीत?"

त्यांनी पोळी खाल्ली आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, वारस म्हणून तिघांची नावं लावा. तुकडा पाडू नका. जमीन एकच राहू दे, नावं तिघांची. शेताच्या मालकिणीचं शेतात घर असलं तर त्याचा काहीतरी मार्ग निघतो. मालकीणच नसली तर ते अतिक्रमण."

घरी येईपर्यंत मी काय बोलायचं ते तीन-चार वेळा मनात जुळवलं. वावरात पोचलो तेव्हा सगळे विहिरीपाशी होते. सकाळच्या बाजारासाठी मेथी उपटून झाली होती. आई आणि आत्या जुड्या बांधत होत्या, आप्पा त्या हौदात बुचकळून ओल्या गोणपाटाखाली रचत होते. नानांची शिफ्ट लवकर सुटली होती, तेही बांधावर बसलेले.

"या वकीलसाहेब," नाना म्हणाले. "कोणता फारम?"

मी अडखळत सगळं सांगितलं. तुकडा पडत नाही. अंगठा दिला तर आत्याचं काहीच राहणार नाही. नावं तिघांची लावा म्हणतात.

मग नाना आप्पांकडे वळले. "भाऊ, ऐकलं का? तीन गुंठ्याचा फारम आणायला धाडला, हा अख्खं वावर द्यायला निघाला."

"मी नाही, तिथले साहेब म्हणाले."

"साहेब येणारेत का खुरपायला?"

आत्यानं हातातली जुडी खाली ठेवली. तिचा चेहरा पडला होता. ती माझ्यावरच चिडली. "तुला कोणी सांगितलं होतं असलं विचारायला? मी नाव मागाया आले नाय. माझ्या नणंदेनं लावलं होतं नाव. परत तिला कोणी दिवाळीला बोलावलं नाय. मीपण नाय बोलावलं. नाव लावलं की म्हायेर तुटतं."

आई सहसा या बोलण्यात पडत नसे. ती जुडी बांधता बांधताच म्हणाली, "आक्का, पण तुम्ही दिवाळीला कुठनं येणार? तुम्ही तर इथंच राहता."

नाना हसले. हसू आलं म्हणून पुन्हा चिडले. आत्या मात्र हसली नाही. ती आईकडे बघत राहिली. हा विचार तिनं खरंच केलेला नव्हता, असं मला वाटलं.

आप्पा जुड्या बुचकळत होते. शेवटची रचून झाल्यावर त्यांनी हात झटकले. "आक्का, उद्या अंगठा नको देऊ."

"भाऊ," नाना उभे राहिले. "अन् मी लोकांना काय सांगू? चार जणांना शब्द दिलाय मी."

"कोणत्या लोकांना?"

"आमच्या खात्यातले हायेत. माझ्या शिफ्टचे. त्यांना प्लॉट पाहिजेत."

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटत होतं गिऱ्हाईक एजंटची आहेत. मी हळूच म्हणालो, "नाना, त्यांच्याही नावावर होणार नाहीत. दोन गुंठ्यांचाही सातबारा निघत नाही. आणि घराला परवानगी नाही."

"एजंट म्हणतो स्टॅम्पवर होतं."

"स्टॅम्पवर लिहून देता येतं. पण नाव लागत नाही."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग चपला पायात सरकवून निघाले. जाताना आप्पांना म्हणाले, "याला कॉलेजात घाल म्हणून मीच सांगितलं होतं. माझीच जीभ."

पुढच्या आठवड्यात आप्पांनी वारस म्हणून तिघांची नावं घालून अर्ज दिला. कोणाची हरकत असेल तर मुदतीत कळवावी, अशी नोटीस चावडीवर लागली. एजंट नानांच्या मागे लागला होता, हे काकूकडूनच आईला कळत होतं. त्याचं म्हणणं, तुम्ही हरकत घ्या. बहिणीला लग्नात सगळं दिलं, आता तिचा हक्क नाही, असं लिहून द्या. पुढं मी बघतो. नाना आमच्याशी बोलत नव्हते. विहिरीची पाळी आली की ते स्वतः येत नसत, काकूला पाठवत.

आत्यानं मला बोलावून सांगितलं, "नानानं हरकत घेतली तर मी सिन्नरला जाईन. भावाशी भांडून त्याच्या वावरात नाय राहायचं मला." एवढं बोलून ती हार ओवू लागली. ती जाईन म्हणाली तर जाईल, हे मला ठाऊक होतं. सासरी तिच्यासाठी कोणी वाट बघत नव्हतं. तिथं ती ओसरीत झोपली असती. आणि हे सगळं माझ्या एका प्रश्नामुळे होईल, हा विचार डोक्यातून जाईना. मी परत वर गेलो नसतो, तर तिनं अंगठा दिला असता, सगळ्यांनी पुरणपोळी खाल्ली असती, आणि कदाचित नाना-आप्पा हयात असेपर्यंत तिच्या खोलीला कोणी हात लावला नसता. कदाचित. पण त्यांच्यानंतर? या 'नंतर'चं उत्तर कोणाकडेच नव्हतं, माझ्याकडेही नाही. मीही लग्न करीन, माझीही मुलं होतील, आणि तेव्हा आत्या म्हातारी असेल. स्वतःवर तरी किती भरवसा ठेवायचा?

परीक्षा संपली. सुट्टीत मामांकडे नांदगावला जायचं ठरलं होतं. मामा तिथल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे होते, आणि मला तिथं वजनाच्या पट्ट्या, म्हणजे चिठ्ठ्या, लिहायचं काम मिळणार होतं. आत्याला अशा वेळी सोडून जाणं बरं वाटत नव्हतं, पण थांबून मी करणार तरी काय होतो?

निघायच्या दिवशी सकाळी नाना स्कूटर घेऊन दारात उभे राहिले. "चल, स्टँडवर सोडतो." मी मागे बसलो. स्टँडसमोर गाडी लावून त्यांनी दोन चहा सांगितले.

"तो साहेब खरंच असं म्हणाला का?" त्यांनी विचारलं. "का तू पुस्तकातलं काय सांगितलं?"

"खरंच म्हणाले. तुम्ही स्वतः जाऊन विचारा."

"गेलो होतो," नाना म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्या खात्यात एकजण हे. दुसरीकडं, दुसऱ्या कोणाकडनं घेतला त्यानं प्लॉट. स्टॅम्पवर. दोन खोल्या बांधल्या. आता नोटीस आली, पाडा म्हणून. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत नाय तो. समोर धरून बसतो नुसता." नानांनी बशीतला चहा संपवला. "माझ्याकडनं घ्यायला निघालेले चौघं त्याच टेबलावर बसतात."

मी धीर करून विचारलं, "मग तुम्ही हरकत..."

"तुझी गाडी लागली बघ," नाना म्हणाले आणि माझी पिशवी उचलून चालायला लागले. खिडकीतून पिशवी आत देताना म्हणाले, "तुझ्या काकूला नळ पाहिजे, ते तरी चुकीचं हे का?"

"नाही," मी म्हणालो. गाडी सुटली.

नांदगावच्या उन्हाविषयी मी काही लिहीत नाही. खळ्यावर कांद्याचे ढीग पडलेले असत. मी काट्याशेजारी बसून पट्ट्या लिहायचो आणि मनात चावडीवरची ती नोटीस पुन्हा पुन्हा वाचायचो. व्यापाऱ्याच्या पेढीवर फोन होता. त्याच्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं असे, आणि नोकरांसाठी आलेला फोन त्यांना आवडत नसे. मी आप्पांना नंबर देऊन ठेवला होता, पण आप्पांनी आयुष्यात स्वतःहून फोन लावलेला नव्हता. रोज वाटायचं, आज आत्या एसटीत बसली असेल. पेटी तिनं एकटीनं उचलली असेल का? पाटा ती मागे ठेवून जाणार नाही, मग तो कोणी चढवून दिला असेल?

त्या दिवसांत मी कायद्याचाही विचार करत बसे. आमच्याकडे नियम म्हटलं की अडवणूक एवढंच ऐकलेलं. हे बांधू नका, ते विकू नका. हा नियम काही आमच्या आत्यासाठी केलेला नव्हता. शेतीचे फार बारके तुकडे होऊ नयेत म्हणून कोणीतरी तो कधीतरी केला, आणि नकाशातला हिरवा रंगही कोणीतरी आमच्याकडे न बघताच भरला असणार. पण त्यामुळे आप्पांना आत्याला कोपरा देता आला नाही. द्यायचं तर सगळ्यात घ्यावं लागत होतं. हे चांगलं की वाईट, हे नाना काय करतात त्यावर ठरणार होतं, आणि मी तिथे नव्हतो.

एका दुपारी व्यापाऱ्यांनी पेढीवरून हाक मारली. "अरे ए, नाशिकचा. फोन आहे. लवकर आटप."

मी धावलो. हात कांद्याच्या पापुद्र्यांनी भरलेले होते, ते पॅन्टला पुसले. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, मग आप्पांचा आवाज. फोनवर ओरडावं लागतं अशी त्यांची समजूत होती, त्यामुळे व्यापाऱ्यांनाही सगळं ऐकू जात होतं.

"ऐकू येतंय का?"

"येतंय. आत्या कुठंय?"

"हार ओवतीय. मुदत संपली आज. तलाठी म्हणला, हरकत कोणाचीच आली नाय."

मी खाली, तिथल्याच एका गोणीवर बसलो. व्यापाऱ्यांनी विचारलं, "काय रे, कोणी वारलं का?" मी मान हलवली, नाही म्हणून.

"आप्पा, नाना काय म्हणाले?"

"नानानं एजंटाला दारातनंच लावून दिला. म्हणला, दुसरीकडं शोध. अन् आज सकाळी आक्काला स्कूटरवर बसवून चावडीवर तोच घेऊन गेला. ती घाबरत होती, पडेन म्हणून. तो म्हणला, घट्ट धर." त्यांच्या मागून कोणाचा तरी आवाज आला, की फोन ठेवा आता. "तिघांची नावं लागली, बाळ. आक्काचं, माझं अन् नानाचं."